प्रतिकृती मोटारींचे रंगकाम

ठरावीक प्रमाणात बनवलेली छोटी मोटार खरी भासावी म्हणून केलेले रंगाचे आणि बारकाव्यांचे काम. प्लॅस्टिकच्या जोडणी-संचांत १:२४, म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा भाग (तामिया कंपनीसारखे जपानी संच), आणि १:२५ (अमेरिकन) ही प्रमाणे रुळली आहेत. ओतीव धातूच्या तयार गाड्या बहुधा १:१८, १:४३ व १:६४ मध्ये मिळतात.

खरी अडचण अशी, की गाडी लहान होते पण रंग लहान होत नाही. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण ०.१ मिमी जाड असतो. १:२४ च्या हिशेबाने तो ०.००४ मिमी हवा, जे हाताने जमणे नाही. दाराभोवतीची ४ मिमी फट प्रतिकृतीत जेमतेम ०.१७ मिमी उरते आणि प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) चढता चढता बुजते. म्हणून जाणकार प्रायमरआधीच या रेषा खोल कोरून घेतात. मेटॅलिक रंगातला ०.०२ मिमीचा कण इथे अर्ध्या मिलिमीटरची चमकी वाटतो, आणि गाडी गणपतीच्या मखरासारखी चमचमते. अशा वेळी सर्वांत बारीक कणांचाच रंग घ्यावा.

सुटे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुतात, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या साधनाने) पातळ थर देतात. थर घाईने किंवा फार दुरून मारला, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. तो २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासतात. कडांवर हात हलका हवा, कारण तिथला रंग आधी निघतो.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी करायची तर पांढऱ्या प्रायमरवर आधी पिवळे छत, मग टेप लावून काळी बॉडी. उलट केले की काळ्यावरचा पिवळा हिरवट पडतो.

टायरला निव्वळ काळा कधीच देऊ नये. करडट, बिनचमकीचा काळाच रबरासारखा दिसतो. गाडीच्या पुढच्या जाळीत पातळ काळा रंग सोडला की खोली येते. खिडक्यांच्या क्रोमपट्टीला रंगापेक्षा चिकट धातूची पन्नी सरस, आणि मागच्या दिव्यांना चंदेरीवर पारदर्शक लाल.

गाडीवर रंगाने धूळ दाखवण्याचा मोह मात्र बहुतेकांना आवरत नाही. ती सगळीकडे सारखी बसत नाही. चाकांच्या मागे आणि दारांच्या खालच्या कडेला साचते, आणि वायपरने पुसलेल्या काचेवर कमी दिसते.