सुधारसेवा-संशोधन

बंद्यांची सुधारणा, कारागृहांतील उपक्रम आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन यांचा अभ्यास करणारे अध्यापकीय क्षेत्र. समाजकार्य, विधी, मानसशास्त्र वा गुन्हेशास्त्र यांतून अभ्यासक येथे येतो. नेट किंवा सेट ही अध्यापक-पात्रता परीक्षा आणि पीएच. डी. ही नेहमीची वाट. राज्याच्या कारागृह विभागाचे मुख्यालय, १८७१ च्या सुमाराचे येरवडा मध्यवर्ती कारागृह आणि तुरुंग अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय पुण्यात असल्याने या शहराला त्यात विशेष स्थान आहे.

या अभ्यासाचा भारतातील आरंभ वादग्रस्त आहे. १९१९–२० च्या भारतीय तुरुंग समितीने सुधारणा हा शिक्षेचा हेतू मानला, म्हणून काहीजण तेथून सुरुवात धरतात. पण ते धोरण होते, संशोधन नव्हे. औंध संस्थानात आटपाडीजवळ साधारण १९३९ मध्ये वसलेली स्वतंत्रपूर वसाहत हा दुसरा पक्ष. तेथे कैदी भिंतीविना शेती करीत. प्रयोग म्हणून त्याची थोरवी निर्विवाद, तरी त्यातून विद्याशाखा उभी राहिली नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस १९५१–५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतात आले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील अध्यापन त्याच काळात आकाराला आले. अध्यापकीय व्यवसायापुरता हा तिसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

‘पुनरपराध’, म्हणजे सुटलेल्याने पुन्हा गुन्हा करणे, मोजायचा कसा, हा कळीचा तांत्रिक प्रश्न. पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी आणि पुन्हा तुरुंगवास या तीन कसोट्या एकाच गटाला लावल्या तरी उत्तरे वेगळी येतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या १९७४ च्या लेखाचा अर्थ ‘सुधारणेचे उपाय निरुपयोगी’ असा लावला गेला. १९७९ मध्ये त्यांनीच तो निष्कर्ष सौम्य केला. १९९० मध्ये अँड्र्यूज, बाँटा व हॉज या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी धोका, गरज व प्रतिसादक्षमता ही तत्त्वे मांडली: पुन्हा गुन्ह्याचा धोका किती, गुन्ह्यामागची गरज कोणती आणि व्यक्ती कशाला प्रतिसाद देईल, हे पाहून उपाय ठरवावा. भारतात ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. २०२२ अखेर देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. जामिनावर किंवा निर्दोष सुटणाऱ्यास शिक्षाच नसते, मग पुनर्वसनाचा आराखडा कुठला? काम, भाड्याची खोली आणि घरातली पत मात्र त्याचीही गेलेली असते. त्याला वगळून केलेले संशोधन अपुरेच म्हणावे लागेल. शिवाय १९५९ च्या नियमांनुसार महाराष्ट्रातील पक्का, म्हणजे शिक्षा झालेला, कैदी संचित रजेवर (फर्लो) वा अभिवचन रजेवर (पॅरोल) घरी जाऊन येतो; त्यामुळे समाजातील त्याचे परतणे सुटकेआधीच सुरू होते.

संशोधनात भाग घेण्यास बंद्याने द्यायच्या संमतीचा प्रश्नही नाजूक. अधिकाऱ्यासमोर दिलेला होकार मोकळा मानता येत नाही.

स्त्री-बंद्यांच्या प्रश्नांचा विचार कृष्ण अय्यर समितीने १९८७ च्या अहवालात केला. आईसोबत वयाच्या सहा वर्षांपर्यंत आत राहिलेल्या मुलांचा पुढचा मागोवा हाही याच क्षेत्राचा विषय.