दीर्घिकांच्या भुजा आणि अल्पायुषी तारे

डिसेंबर ते मार्च या महिन्यांत संध्याकाळी मृग नक्षत्र ओळखायला नकाशा लागत नाही. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. त्याच रेषेत आग्नेयेकडे गेलं की बाण मारणारा व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आकाशाच्या एवढ्या तुकड्यात ताऱ्यांच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे टप्पे एकाच वेळी पाहायला मिळतात.

बाणाच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्या मध्यावर साधी द्विनेत्री रोखली तर तिथे टोकदार ठिपक्याऐवजी धुरकट डाग दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. तिथे आजही तारे जन्माला येत आहेत. ढगाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसतो, तापत जातो आणि केंद्राशी तापमान एक कोटी अंशांच्या आसपास पोहोचलं की हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर, म्हणजे संमीलन, सुरू होतं. हबल दुर्बिणीने इथल्या नवजात ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या टिपल्या आहेत. आपली पृथ्वी अशाच एका चकतीतून घडली.

जन्मताना किती वस्तुमान मिळालं, यावर ताऱ्याचं पुढचं सगळं ठरतं. ज्याच्याकडे इंधन जास्त तो जास्त जगेल असं वाटतं, पण घडतं नेमकं उलट. जड ताऱ्याच्या गाभ्यात तापमान इतकं चढतं की इंधन भराभर जळून जातं. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरतो, तरी त्याचा साठा एकूण हजार कोटी वर्षं पुरेल. त्यातली ४६० कोटी सरली आहेत. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा मात्र जेमतेम एक कोटी वर्षं जगतो. मृगाच्या पायांपैकी तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे दोघे याच जातीचे. डायनोसॉर नष्ट झाले तेव्हा या दोघांचा जन्मही झाला नव्हता, आणि तरी ते आज म्हातारे आहेत!

२०१९च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये त्याचं तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलं. आता स्फोट होणार का, याकडे जगभरचे निरीक्षक डोळे लावून बसले. प्रत्यक्षात काक्षीनेच बाहेर फेकलेल्या वायूची थंड होऊन धूळ झाली होती आणि ती आड आली होती. स्फोट मात्र अटळ आहे, बहुधा येत्या लाखभर वर्षांत. अशा ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड साठतं. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा सुटत नाही, त्यामुळे आधार संपतो, गाभा सेकंदभराच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटात उधळले जातात. शेजारच्या वृषभ राशीत १०५४ साली असा स्फोट दिसला. चिनी निरीक्षकांच्या नोंदींनुसार तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. तिथे आता पसरत चाललेला ढग आहे आणि त्याच्या पोटात सेकंदाला तीसदा गिरकी घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याचा उरलेला अतिघन गोळा.

सूर्यासारख्यांचा शेवट सौम्य असतो. ते फुगून तांबडे राक्षसी तारे होतात, बाहेरचे थर सोडून देतात आणि मागे लहानसा, दाट गाभा म्हणजे श्वेत बटू उरतो. व्याधाचा जोडीदार असाच आहे: वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जड श्वेत बटू टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३०च्या सुमारास, विशीत असताना, गणिताने दाखवलं.

आता दीर्घिकेकडे, म्हणजे ताऱ्यांच्या आणि वायूच्या प्रचंड समूहाकडे, येऊ. आपली आकाशगंगा ही सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद, सर्पिल भुजा असलेली चकती आहे. या भुजा म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या रांगा नव्हेत. तशा असत्या तर काही फेऱ्यांतच गुंडाळून मिटल्या असत्या, कारण केंद्राजवळचे तारे आपली फेरी लवकर पुरी करतात. घाट चढणाऱ्या जड कंटेनरमागे गाड्यांची दाटी होते, पुढच्या गाड्या सुटत जातात, मागून नव्या येतात, दाटी मात्र राहते. चिया-चियाओ लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४मध्ये मांडलेल्या घनता-लहरींच्या सिद्धांतानुसार भुजा म्हणजे अशीच दाटी. वायूचे ढग तिच्यात शिरले की दाबले जातात आणि तारे जन्मतात. सूर्यासारखे तारे भुजेतून बाहेर पडून केंद्राभोवती फिरत राहतात. सूर्याला एका फेरीला सुमारे २३ कोटी वर्षं लागतात. पण राजन्यासारखे प्रखर निळे तारे बाहेर पडायच्या आतच संपतात. जन्म आणि मृत्यू दोन्ही भुजेतच, म्हणून फोटोत भुजा निळ्या झळकतात. दीर्घिकेचं हे देखणं रूप तिच्यातल्या अल्पायुषी ताऱ्यांनी रेखलेलं आहे, ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते.

जिथे वायू संपला तिथे हे रूपही नाही. कन्या राशीतल्या एम ८७सारख्या लंबगोल दीर्घिका पिवळट दिसतात. त्यांच्यातले निळे तारे केव्हाच संपले, नवे फारसे जन्मत नाहीत, उरले ते दीर्घायुषी.

हा वायू मोजण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपू शकतात. फार दूरच्या एकट्या दीर्घिकेचा हा संदेश सहसा हाती लागत नाही, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. २०२०मध्ये निष्कर्ष आला: सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी या दीर्घिकांत भरपूर हायड्रोजन होता, पण तारे जन्मण्याचा वेग इतका होता की तो शे-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेसा नवा वायू येत राहिला नाही, आणि विश्वातला ताऱ्यांचा जन्मदर उतरत गेला. आज तो त्या काळाच्या जवळपास दशांशावर आला आहे.