घरंगळणाऱ्या चाकाचा कोनीय वेग

न घसरता घरंगळणारे चाक एका सेकंदात आपल्या आसाभोवती जितक्या कोनातून फिरते, तो त्याचा कोनीय वेग होय. तो रेडियन (त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्रापाशी होणारा कोन) प्रति सेकंद या एककात मोजतात आणि त्याचे सूत्र असे आहे : कोनीय वेग = केंद्राचा रेषीय वेग ÷ चाकाची त्रिज्या. चाकाचा एक फेरा पुरा होतो तेव्हा त्याच्या परिघाइतकेच अंतर तोडले जाते आणि त्या फेऱ्यात कोन सुमारे ६.२८३ रेडियनचा होतो, यावरून हे सूत्र निघते. कोन अंशांत घेतल्यास किंवा त्रिज्येऐवजी व्यास वापरल्यास उत्तर चुकते.

गाळप हंगामात सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर ऊस वाहणारे ट्रॅक्टर सतत दिसतात, आणि या विषयाला त्यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ट्रॅक्टर ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालला आहे आणि त्याच्या मागच्या चाकाची त्रिज्या ०.७५ मीटर, तर पुढच्या चाकाची ०.४० मीटर आहे, असे मानू. मागच्या चाकाचा कोनीय वेग ६.६७, तर पुढच्याचा १२.५ रेडियन प्रति सेकंद येतो. म्हणजेच मागचे चाक मिनिटाला सुमारे ६४ आणि पुढचे सुमारे ११९ फेरे घेते. रेषीय वेग दोन्ही चाकांना एकच असतो.

खरी अडचण त्रिज्येची असते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ओझ्याने दबत नाही, परंतु रबरी टायर भाराखाली चपटा होतो, म्हणून टेपने मोजलेली त्रिज्या हिशेबात घेणे योग्य नाही. टायरवर खडूची खूण करून वाहन कडक रस्त्यावर हळूहळू १० फेरे चालवावे आणि कापलेले अंतर मोजावे. ते ४६.५ मीटर भरले, तर त्याला ६२.८३ ने (१० फेऱ्यांच्या रेडियनांनी) भागून परिणामी, म्हणजे भाराखालची प्रत्यक्ष त्रिज्या ०.७४ मीटर मिळते.

जमिनीला टेकलेला चाकाचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर माथ्यावरचा बिंदू केंद्राच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. धावत्या सायकलच्या छायाचित्रात खालचे आरे स्पष्ट आणि वरचे पुसट दिसतात, ते यामुळेच. रेल्वेच्या चाकाची कड रुळाच्या माथ्याखाली उतरलेली असते. गाडी पुढे धावत असतानाही त्या कडेचा सर्वांत खालचा भाग क्षणभर मागे जातो, ही गोष्ट प्रथम ऐकताना खरी वाटत नाही.

चाक घसरू लागले की हे सूत्र लागू पडत नाही. ब्रेक लावून चाक अडकले, तर कोनीय वेग शून्य होऊनही वाहन पुढे सरकत राहते. उलट, पावसाने चिबडलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टरचे मागचे चाक फिरते जास्त आणि पुढे सरकते कमी. वरच्याच चाकाने १० फेऱ्यांत ४६.५ ऐवजी ४० मीटर अंतर कापले, तर घसरण सुमारे १४ टक्के झाली. अशा वेळी कोनीय वेग वाहनाच्या वेगावरून न काढता चाकाचे फेरे प्रत्यक्ष मोजूनच काढावा लागतो.