दाढीच्या फेसाने थडगं ‘वाचू’ नका

अमेरिकेत पहिल्या वसाहतकऱ्यांची जुनी दफनभूमी साफ करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये एक युक्ती वर्षानुवर्षं फिरते आहे: पुसट अक्षरांवर दाढीचा फेस फासा, नाव लगेच उमटतं, दगडाला काही होत नाही. नाव उमटतं, हे खरं. पुढचं चूक.

या फेसात स्टिअरिक आम्ल असतं आणि तिथले बरेच जुने दगड संगमरवरी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे. आम्ल त्याला खातं. वरून कितीही धुतलं तरी सूक्ष्म छिद्रांत फेस उरतोच. ब्लीच आणखी वाईट: त्यातले क्षार आत स्फटिक होऊन दगडाचे पापुद्रे काढतात. तारेच्या ब्रशचं तर नावच नको.

अक्षरं वाचायला आरसा पुरतो. त्याने ऊन वळवून बाजूने तिरपा उजेड टाकला की खाचांत सावली पडते, फोटोही छान येतो. आपल्याकडे शिलालेखांवर खडू घासणाऱ्यांनीही हे करून पाहावं.

शेवाळ काढायचंच असेल तर दगड आधी साध्या पाण्याने भिजवा, मऊ ब्रशने खालून वर घासा, भरपूर पाणी ओता. भुसभुशीत किंवा तडकलेला दगड असेल तर हातच लावू नका.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या कायद्यात गेल्या ५० वर्षांत १२ किंवा कमी दफनं झालेली जागा पहिल्या वसाहतकऱ्यांच्या अशा जुन्या दफनभूमीत मोडते. तिथे पुष्कळदा तो दगड हीच त्या माणसाची एकमेव नोंद असते.