सांगता न येणारी दाढदुखी

स्मृतिभ्रंशाचे निदान होते तेव्हा घरच्यांच्या हाती एक जाडजूड फाइल येते. तिच्यात मेंदूचा एमआरआय असतो, थायरॉइडचा आणि बी-१२ चा अहवाल असतो, साखरेच्या नि रक्तदाबाच्या नोंदी असतात. रुग्णाच्या तोंडात किती दात उरले आहेत, त्यांतले किती किडले आहेत आणि कवळी नीट बसते की नाही, याची मात्र एक ओळही तिच्यात बहुधा सापडत नाही. माझ्या आत्याच्या फाइलमध्येही ती नव्हती, आणि आमच्यापैकी कुणालाच त्यात काही खटकले नव्हते.

निदानानंतर तिसऱ्या वर्षी आत्याने भाकरी खाणे सोडले. ती घास तोंडात घेई, बराच वेळ उजव्या गालात धरून ठेवी आणि मग ताटाच्या कडेला काढून ठेवी. संध्याकाळ झाली की येरझारा सुरू होत. एकदा तर तोंड पुसायला गेलेल्या सुनेच्या हातावर तिने जोरात चापट मारली. आजार पुढच्या पायरीवर गेला असे आम्ही धरून चाललो आणि तिला शांत ठेवण्यासाठी एक गोळी सुरू झाली. खरे कारण तिच्या सुनेला सापडले, तेही योगायोगाने. आत्याने मोठी जांभई दिली तेव्हा खालच्या डाव्या बाजूला दाढेचा तुटलेला, धारदार खुंट दिसला आणि त्याला लागूनच जिभेच्या कडेवर पांढरट व्रण दिसला. तो खुंट काढल्यावर दहा-बारा दिवसांत आत्या दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागली, आणि पुढे डॉक्टरांनी ती गोळीही टप्प्याटप्प्याने बंद केली. तिची स्मृती परत आली नाही. गेले ते फक्त दुखणे, पण तिच्या दिवसाचा केवढा भाग त्या दुखण्याने व्यापला होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

दाढ दुखते हे सांगण्यासाठी मेंदूला एकामागून एक बरीच कामे करावी लागतात. ठणका जाणवावा लागतो, तो नेमका कुठे आहे हे उमगावे लागते, त्यासाठी शब्द सापडावा लागतो आणि समोर ऐकणारे माणूस येईपर्यंत तो शब्द लक्षात राहावा लागतो. स्मृतिभ्रंशात पहिली पायरी शाबूत राहते आणि पुढच्या एकेक करून ढासळतात. म्हणजे वेदना होतेच, तिची तक्रार मात्र होत नाही.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि या म्हणीने पुष्कळ नुकसान केले आहे, कारण आजाराला वयाचा भाग समजून घरोघरी वर्षे वाया जातात. गॅसवर दूध ठेवल्याचे कुणीही विसरतो. चाळीस वर्षे वरण करणाऱ्या बाईला आधी फोडणी की आधी डाळ, हा क्रमच न उमगणे ही निराळी गोष्ट आहे. स्मृती, भाषा, दिशांचे भान, निर्णय घेण्याची शक्ती यांपैकी काही क्षमता रोजचे व्यवहार अडावेत इतक्या खालावल्या की त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. तो एकच एक आजार नाही; अनेक आजारांमुळे उद्भवणारी ती स्थिती आहे. त्यांतला सर्वाधिक आढळणारा अल्झायमर, एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांमध्ये. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ऑगुस्त देतर या ५१ वर्षांच्या बाईंची लक्षणे आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी बारकाईने टिपून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी १९०६ मध्ये त्यातील साठे आणि गुंते जगापुढे मांडले. पेशींच्या बाहेर साचणारे अमायलॉइड आणि पेशींच्या आत गुंतणारे टाऊ, ही त्या साठ्यांची आणि गुंत्यांची आजची नावे. याशिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश आहे, भास आणि कंप घेऊन येणारा लुई बॉडी प्रकार आहे, आणि स्वभाव व बोलणे आधी बिघडवणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकारही आहे. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशासह जगत असावीत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

उपचारांचा विचार करताना पहिले पाऊल वगळण्याचे असते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीच्या आत साकळलेले रक्त, किंवा नको तितक्या गोळ्या यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखे चित्र उभे राहते आणि ते बऱ्याच अंशी सुधारता येते. खऱ्या अल्झायमरमध्ये डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही औषधे मेंदूतील ॲसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाचे विघटन रोखतात, तर मेमँटिन वेगळ्या मार्गाने काम करते. यांमुळे लक्षणांना काही काळ आधार मिळतो, मूळ आजार थांबत नाही. अमायलॉइड हटवणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळवून आली. लेकानेमॅबच्या चाचणीत अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचा ऱ्हास १८ महिन्यांत सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, पण काहींच्या मेंदूत सूज आली आणि बारीक रक्तस्रावही झाले. ही औषधे मोलाची आहेत, परंतु पुढच्या टप्प्यावरच्या रुग्णाच्या घरी रोजचा दिवस सुसह्य होतो तो झोप, ऐकण्याचे यंत्र, चालणे, ओळखीचे आवाज आणि वेदनेपासून सुटका यांनी. या शेवटच्या गोष्टीत तोंड येते.

औषधांचा आणि तोंडाचा एक संबंध फारसा सांगितला जात नाही. लाळ सुटण्यासाठीही ॲसिटिलकोलिनच लागते. लघवीची घाई कमी करणाऱ्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी नैराश्यावरची औषधे, सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या हे सारे ॲसिटिलकोलिनचे काम अडवतात. एकाच माणसाला सकाळी डोनेपेझिल आणि रात्री यांपैकी एखादी गोळी मिळत असेल, तर एक हात जे देतो ते दुसरा काढून घेतो, आणि शिवाय तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की आम्ल धुऊन नेणारे आणि दातांना खनिजे परत देणारे कुणी उरत नाही. उतारवयात हिरड्या मागे सरकल्यामुळे दातांची मुळे उघडी पडलेली असतात. त्यांवर कठीण एनॅमल नसते आणि तिथली कीड झपाट्याने आत शिरते. त्यात गोडाची ओढ वाढलेली, चहात बुडवलेले बिस्किट गालात तसेच राहिलेले, खोकल्याचे गोड औषध रात्री झोपताना दिलेले. अशा तोंडात चांगला दात वर्षभरात हिरडीपाशी मोडल्याची उदाहरणे दंतवैद्यांना नवी नाहीत. म्हणून गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना ‘यातली कोणती तोंड कोरडे करते?’ असे एकदा विचारावेच.

इथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. हिरड्यांच्या आजारामुळे अल्झायमर होतो, असे मथळे अधूनमधून फिरत असतात. हिरड्यांचा आजार घडवणाऱ्या पॉर्फायरोमोनास जिंजिव्हालिस या जिवाणूचे अंश अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने मोठी आशा निर्माण केली. पण त्या जिवाणूच्या विकरांना रोखणाऱ्या औषधाची चाचणी २०२१ मध्ये आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. दोन्ही आजार एकत्र आढळतात, पण ज्याला स्मृतिभ्रंश होऊ लागला आहे तो वर्षानुवर्षे दात कमी घासतो, हेही त्याचे कारण असू शकते. दात घासले की अल्झायमर टळतो, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. दात घासण्याची खरी कारणे याहून जवळची आहेत.

त्यांतले एक फुप्फुसांशी निगडित आहे. आजार पुढे गेला की गिळण्याची क्रिया बिघडते, पाण्याच्या घोटानेही ठसका लागतो आणि तोंडातले जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियमित मुखस्वच्छता मिळालेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर इतरांपैकी १९ टक्क्यांना. पुढच्या सर्व अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, तरीही स्वच्छ तोंडातून उतरणारी लाळ कमी घातक, हे तर्काला धरून आहे. दुसरे कारण आत्याच्या दाढेने आम्हाला शिकवले. नॉर्वेमधल्या १८ शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंशाच्या ३५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवडे वेदनेवर पद्धतशीर उपचार केले गेले, बहुतेकांना साधी पॅरासिटामॉल दिली गेली, आणि त्यांची चिडचिड व अस्वस्थता इतरांच्या तुलनेत स्पष्टपणे घटली. म्हणून रुग्ण एकाएकी कडक पदार्थ नाकारू लागला, गाल चोळू लागला, कवळी काढून फेकू लागला, एकाच बाजूने चावू लागला किंवा तोंडाजवळ हात नेताच मारायला धावला, तर स्वभावाला दोष देण्याआधी टॉर्च घेऊन तोंडात पाहावे.

घरी दात घासून देण्याची वेळ येते तेव्हा सर्वांत मोठी अडचण नकाराची असते. मागून किंवा बाजूने अचानक चेहऱ्याकडे आलेला हात हा त्या माणसाला हल्लाच वाटतो. समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, आधी हात हातात घ्यावा, आणि एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे. आत्याची सून ‘आई, आ करा बघू’ म्हणते आणि स्वतःही आ करून दाखवते. पुष्कळदा आत्याचे तोंड तिच्या पाठोपाठ उघडते. तेवढ्याने भागले नाही तर ब्रश आत्याच्याच मुठीत देऊन ती वरून स्वतःचा हात ठेवते आणि हालचाल सुरू करून देते. अल्झायमरमध्ये घटनांची आठवण आधी पुसते, पण हातांना जडलेल्या सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांत साठवलेल्या असल्याने बराच काळ टिकतात. आमच्या गावाकडच्या कितीतरी आज्यांनी आयुष्यभर बोटाने मिश्री लावली. नातवंडांची नावे विसरल्यावरही त्यांचे बोट हिरड्यांवरून त्याच लयीत फिरताना मी पाहिले आहे. मिश्री भाजलेल्या तंबाखूची असते, ती पुन्हा हातात देऊ नये. ती लय मात्र ब्रशच्या कामी येते.

ब्रश लहान मुलांचा, मऊ केसांचा असावा आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी. रुग्णाला ताठ बसवून हनुवटी किंचित खाली ठेवावी; झोपवून दात घासू नयेत. चूळ भरता येत नसेल तर ओल्या स्वच्छ गॉझने गाल, जीभ आणि टाळू पुसून घ्यावे. आरशातली व्यक्ती परकी वाटून काही रुग्ण घाबरतात, त्यांच्यासमोरून आरसा हलवावा. नको म्हटले तर सोडून द्यावे आणि तासाभराने पुन्हा जावे, कारण तोवर नकार विसरलेला असतो. कवळी रात्री काढून साबणाने धुऊन साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्याने ती वाकडी होते. तिच्यावर आतून नाव घालून घेतले तर रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात ती हरवत नाही.

दंतवैद्याकडे केव्हा जावे, याचे उत्तर मला निःसंदिग्धपणे द्यावेसे वाटते: निदान झाल्या झाल्या, दुखायची वाट न पाहता. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत रुग्ण खुर्चीत बसू शकतो, आपली पसंती सांगू शकतो, संमती देऊ शकतो. जो दात पाच वर्षांनी नक्की त्रास देणार त्याचा निकाल तेव्हाच लावता येतो आणि नवी कवळी लागणारच असेल तर तीही तेव्हाच करून घेता येते. कवळी तोंडात सांभाळणे हे जीभ आणि गालांना नव्याने शिकावे लागते; आजार पुढे गेल्यावर ते शिकणे बहुधा जमत नाही आणि महागाची कवळी डबीतच राहते. पुढच्या टप्प्यावर उपाय साधे असावेत. किडीवर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावले तर ड्रिलशिवाय, भुलीशिवाय ती बऱ्याचदा थांबते. तो भाग काळा पडतो, हे घरच्यांना आधी सांगायला हवे. फ्लोराइड सोडणारे ग्लास आयनोमर सिमेंट मुळावरच्या खड्ड्यांसाठी सोयीचे असते. जास्त फ्लोराइडची, म्हणजे ५००० पीपीएमची पेस्ट दंतवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावी. भेटीची वेळ सकाळची घ्यावी, कारण संध्याकाळी गोंधळ वाढतो. सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी, आणि रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा आहे म्हणून परस्पर बंद करू नये. गुंगीच्या औषधांनी या रुग्णांचा गोंधळ काही दिवस वाढू शकतो, त्यामुळे ती खरोखर लागणार का, हे मोकळेपणाने विचारावे.

आत्या आता बोलत नाही आणि दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत नेण्यासारखी तिची स्थितीही उरलेली नाही. तिचे सात दात शिल्लक आहेत, त्यांपैकी दोन काळे आहेत आणि दुखत नाहीत. रोज सकाळच्या चहानंतर सून तिच्यासमोर स्टूल ओढून बसते, बोटाला ओले गॉझ गुंडाळते, आधी ओठ ओले करते आणि ते सैल पडेपर्यंत थांबते. कधी दोन मिनिटे लागतात, कधी दहा.