मेक्सिको सिटीखालचा गाळ आणि जमिनीची थरथर: पार्श्वभूमी

१९ सप्टेंबर १९८५ ला भूकंप झाला पॅसिफिकच्या किनाऱ्यापाशी, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरच्याही पलीकडे, आणि बिल्डिंगा कोसळल्या त्या मेक्सिको सिटीच्या मध्यभागात. टेकडीवरच्या खडकावर प्रवेग साधारण ३०-४० गॅल (गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग साधारण ९८० गॅल), तर शहर ज्यावर वसलंय त्या जुन्या तळ्याच्या गाळावरच्या एका स्टेशनवर १६८. त्या जागेखाली साधारण ३८ मीटर चिकणमाती आहे, ओलीगच्च, जमिनीला आडवं हलवणाऱ्या लहरी तिच्यातून सेकंदाला जेमतेम ७५ मीटर जातात. जाडीची चौपट करून वेगाने भागलं की दोन सेकंद येतात, तोच त्या जमिनीचा स्वतःचा झोका, म्हणजे एकदा डोलायला लागणारा वेळ, आणि बरोबर त्याच तालात डोलणाऱ्या मधल्या उंचीच्या इमारतींची सगळ्यात वाट लागली.

मग प्रश्न असा की एवढ्या मोठ्या शहरात प्रत्येक गल्लीखाली गाळ किती जाड आहे ते कळणार कसं. बोअर मारणं महाग, आणि भरवस्तीत स्फोट करून लहरी सोडणं तर शक्यच नाही. पण जमीन कायम थरथरत असतेच, समुद्राच्या लाटांनी, ट्रॅफिकने, पंपांनी. इटलीत १८७० च्या दशकातच लोलक टांगून ही थरथर बघत होते, जपानमध्ये १९५० नंतर तिच्यावरून जमिनीचे प्रकार पाडायला लागले. १९७३ च्या आसपास कॅलिफोर्नियात एल सेंट्रोला थरथरीचे आणि खऱ्या भूकंपांचे रेकॉर्ड शेजारी ठेवून बघितले तर ते जुळेनात, त्यामुळे तिकडे बरीच वर्षं या पद्धतीवर कुणाचा फारसा भरवसा नव्हता.

शब्दांचाही घोळ आहे. एक सेकंदाहून लांब झोक्याची थरथर बहुतेक समुद्राची, तिला मायक्रोसिझम म्हणतात, त्याहून जलद ती माणसांची, ती मायक्रोट्रेमर, आणि रिपोर्टात मात्र सगळ्याला सरसकट 'नॉईज' लिहून मोकळे होतात. मेक्सिकोच्या गाळाचा दोन सेकंदाचा झोका समुद्राच्या बाजूला पडतो, म्हणून तिथे रात्री ट्रॅफिक थांबलं तरी काम चालतं.

खरा वाद १९८९ पासूनचा. जपानी रेल्वेतल्या एका संशोधकाने मांडलं की आडव्या हालचालीला उभ्या हालचालीने भागा, म्हणजे एच/व्ही, पृष्ठभागावरच्या लहरींचा परिणाम त्यात कटतो आणि उरतं ते जमिनीचं स्वतःचं अँप्लिफिकेशन, म्हणजे गाळ हादरा किती पट वाढवतो ते. (कल्पना जपानमध्येच १९७१ ला येऊन गेली होती, पण गाजली ती १९८९ ची.) पद्धत इतकी स्वस्त की जगभर पसरली, थरथर नोंदवणारा एक तीन पायांचा डबा फुटपाथवर बुडबुडा बघून लेव्हल करायचा, उत्तरेला तोंड, अर्धा तास कुणी जवळून चालायचं नाही, ट्रक गेला की तेवढा तुकडा फेकायचा. पण विरोध करणारे म्हणाले, अहो लहरी कटत कुठे आहेत, उलट गाळ आणि खडकात फरक मोठा असेल तर त्या ठराविक फ्रिक्वेन्सीला पृष्ठलहरींची उभी हालचालच जवळजवळ नाहीशी होते, भागाकाराच्या आलेखाला टोक येतं ते त्यामुळे. गंमत अशी की दोन्ही स्पष्टीकरणांत टोक जवळपास एकाच जागी येतं, म्हणून झोका बरोबर मिळतो. टोकाची उंची मात्र वेगळी गोष्ट आहे, ती नॉईजमध्ये कुठल्या लहरी किती आहेत त्यावर हलते. २००० नंतर युरोपात काही वर्षं चाललेल्या एका मोठ्या प्रकल्पातून हेच निघालं की फ्रिक्वेन्सीवर विश्वास ठेवा, उंचीला अँप्लिफिकेशन समजू नका. माझं मतही ठामपणे हेच आहे, आणि तरीही टोकाची उंची ३ आली की 'या भागात हादरा तिप्पट' असं लिहिणारे नकाशे बनतात याचा मला खरंच राग येतो, कारण त्यावरून लोक घरं बांधतात. जाडी काढतानाही लहरीचा वेग दुसरीकडून घ्यावाच लागतो, एकट्या टोकातून तो मिळत नाही.

मेक्सिकोत १९८५ नंतर शेकडो जागी असं मोजून झोक्यांचा नकाशा झाला. आता तिथे डिझाइन करताना प्लॉटखालच्या जमिनीचा पिरियड, म्हणजे हाच झोका, बघावा लागतो. २०१७ ला त्याच तारखेला, १९ सप्टेंबरला, साधारण १२० किलोमीटरवरून भूकंप आला, यावेळी जलद हादऱ्यांचा, आणि नुकसान तळ्याच्या मध्याऐवजी पश्चिम कडेला जास्त, जिथे गाळ पातळ आणि झोका एक सेकंदाच्या आसपास. पडल्या त्या बहुतेक चार ते सात मजल्यांच्या इमारती. आपल्याकडे २००१ ला भूजच्या भूकंपात, केंद्रापासून साधारण अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावर बिल्डिंगा पडल्या, तेव्हापासून भारतीय शहरांतही हे डबे घेऊन फिरणं वाढलं.

आणि मेक्सिकोचा नकाशा कायमचा नाहीच. भूजल उपसल्यामुळे चिकणमाती दबत चालली आहे, काही भाग वर्षाला ३० सेंटीमीटरहून जास्त खचतात, माती घट्ट झाली की लहर जलद जाते आणि जाडीही कमी होते, म्हणजे झोका दोन्ही बाजूंनी आखडतो. त्यामुळे जुन्या नकाशात दोन सेकंद लिहिलेल्या जागांवर डबा परत नेऊन ठेवावा लागतो.