पार्श्वभूमी : क्राबीचे सुळके का राहिले आणि सपाटीवरचे अरण्य का गेले

दक्षिण थायलंडमधील क्राबी प्रांताच्या जाहिरातींत हिरवट पाण्यातून सरळ वर आलेले सुळके आणि त्यांच्या कपारींना धरून वाढलेली दाट झाडी दिसते, आणि हा मुलूख पूर्वापार माणसाच्या हाताबाहेर राहिला असावा असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. येथे माणूस हजारो वर्षांपासून वावरत आला असून, निसर्गाचे जे रूप आज टिकून आहे ते मुख्यतः तेथे नांगर चालत नव्हता म्हणून टिकले आहे.

हे सुळके चुनखडीचे आहेत. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी उथळ, उष्ण समुद्राच्या तळाशी साचलेला हा खडक पुढे भूकवचाच्या हालचालींनी वर उचलला गेला आणि किंचित आम्ल असलेल्या पावसाच्या पाण्याने विरघळत राहिल्यामुळे त्यात गुहा, विवरे व उभे कडे तयार झाले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती, त्यामुळे आज बेटे म्हणून ओळखले जाणारे हे सुळके तेव्हा कोरड्या मैदानातील टेकड्या होत्या. नंतर पाणी आजच्याही वर चढून पुन्हा खाली आले. बोट कड्याजवळ नेली तर पाण्याच्या रेषेवर खडकात आत गेलेली खाच दिसते आणि काही ठिकाणी तिच्याही वर, आजची भरती पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, जुन्या कालवांची कवचे खडकाला चिकटलेली आढळतात.

लांग रोंग्रियन येथील खडकाच्या आडोशाला १९८० च्या दशकात झालेल्या उत्खननात ३५ हजार वर्षांहून जुन्या मानवी वस्तीचे अवशेष मिळाले. त्यामानाने अलीकडचा, पण भारतीय वाचकाला अधिक जवळचा पुरावा ख्लोंग थोम येथे आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत हे व्यापारी ठाणे होते, आणि तेथे काचेचे, अकीकाचे व इतर रंगीत दगडांचे मणी विपुल सापडले आहेत. सोन्याचा कस पाहण्याचा एक लहानसा दगडही तेथे मिळाला असून त्यावर ब्राह्मी लिपीत, तमिळ भाषेत, तो थोर सोनाराचा असल्याचे कोरलेले आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकातील हा दगड म्हणजे दक्षिण भारतातील कारागिराचे साहित्य या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते याची खूणच होय. पुढे हा भाग पूर्व किनाऱ्यावरील नाखोन सी थम्मरात या जुन्या राज्याच्या अंमलाखाली होता. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजा चुलालोंगकोर्न यांच्या कारकिर्दीत, १८७२ मध्ये, क्राबीला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला.

अरण्याची कथा मात्र सुखाची नाही. कड्यांवरची झाडी तोडून तेथे काही पिकवता येत नाही. सपाटीवरचे सदाहरित जंगल मात्र सहज हाताशी होते आणि ते विसाव्या शतकात रबराच्या व पाम तेलाच्या बागांखाली गेले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेकडील प्रांतांत महापूर आले, दरडी कोसळल्या, आणि जानेवारी १९८९ मध्ये सरकारने व्यापारी वृक्षतोडीवर देशभर बंदी घातली. त्यापूर्वीच सपाटीवरचे बहुतेक रान संपले होते. आपल्याकडच्या नवरंगाच्या कुळातील गर्नीचा पिट्टा हा पक्षी याच सपाट जंगलात राहणारा. त्याचे शास्त्रीय वर्णन १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. दहा वर्षांनी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे ह्यूम ते हेच. अनेक दशके न दिसलेला हा पक्षी १९८६ मध्ये क्राबीतच पुन्हा सापडला आणि त्यासाठी राखलेल्या अभयारण्यातूनही आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. पाचूच्या रंगाच्या कुंडात डुंबायला पर्यटक जातात ते याच अभयारण्यात, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

बेटांना धोका उशिरा, पर्यटनाच्या रूपाने आला. याच प्रांतातील फी फी द्वीपसमूह १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला, तरी १९९९ मध्ये एका हॉलिवूडपटासाठी त्यातील माया बे या किनाऱ्याची मूळ झुडपे काढून तेथे माड लावण्यात आले. त्याविरुद्धचा खटला दोन दशकांहून अधिक काळ चालला. दरम्यान चित्रपटामुळे गर्दी इतकी वाढली की या चिंचोळ्या किनाऱ्यावर दिवसाला पाच हजारांपर्यंत लोक उतरू लागले आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडले. जून २०१८ मध्ये किनारा बंद करण्यात आला, आणि काही महिन्यांतच उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे शार्क मासे परतले. १ जानेवारी २०२२ रोजी तो पुन्हा उघडला तो अटींसह : बोटींनी बेटाच्या मागच्या बाजूला थांबावे, पर्यटकांनी ठरावीक संख्येने गटागटाने यावे आणि पोहू नये. त्यानंतर ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये तो विश्रांतीसाठी बंद ठेवला जाऊ लागला. कोकणाला भिजवणारा नैर्ऋत्य मोसमी वारा याच काळात तेथेही समुद्र खवळवतो, त्यामुळे या बंदीने पर्यटन व्यवसायाचे फारसे नुकसान होत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती पाळली जाते.